अंतराच्या बळावर लढलेले बंड

नागपूरच्या विमानतळावरून निघालेले विमान दोन तासांच्या आत दिल्लीला उतरते. कोलकात्याला पोहोचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर एक गंमत लक्षात येते. चंद्रपूरपासून दिल्ली आणि कोलकाता ही दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच अंतरावर, सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या किंचित आत आहेत. हे अंतर आज कोणी मोजत नाही. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते, किलोमीटर नसतात. १८५८ साली मात्र हेच हजार किलोमीटर म्हणजे राज्य कोणाचे आणि कुठवर, या प्रश्नाचे उत्तर होते. दिल्लीत बादशाही बुडाली, कलकत्त्यात गव्हर्नर जनरलची कचेरी रात्रंदिवस जागी राहिली आणि या दोहोंपासून सारख्याच दूर असलेल्या चांद्याच्या रानात पंचविशी गाठणाऱ्या एका गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. बाबूराव पुल्लेसूर शेडमाके हे त्यांचे नाव. राजगड घेतल्यापासून फासावर जाईपर्यंत सारे मिळून साडेसात महिने. एवढ्या अवधीत मूठभर साधनांनिशी त्यांनी कंपनी सरकारला हैराण केले, ते पराक्रमाच्या बळावर आणि अंतराच्याही बळावर. पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अंतराविषयी फारसे नाही.

आज चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता धरला की सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अहेरी लागते. मोटारीने हा काही तासांचा प्रवास आहे. त्या काळी या दोन गावांमध्ये साग, बांबू आणि मोहाचे रान होते आणि आडवी वाहणारी वैनगंगा होती. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तेथून पुढे त्यांना प्राणहिता म्हणतात. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पावसाळ्याचे चार महिने या नद्या उताराने ओलांडण्याजोग्या राहत नसत. नावाड्याची मर्जी आणि पाण्याची ओढ यांवर सरकारी हुकूमही काठावर थांबून राही. सामानसुमानासह चालणाऱ्या पलटणीचा पल्ला दिवसाला पाच-सहा कोसांचा. म्हणजे चांद्याहून अहेरीला पोहोचायला कोरड्या ऋतूतही जवळजवळ आठवडा हवा. नागपूरजवळच्या कामठीच्या छावणीतून कुमक मागवायची, तर त्यात आणखी आठ-नऊ दिवसांची भर. याउलट रानातला गोंड माणूस पायवाटेने, ओझ्याविना, नदीचे उतार ठाऊक असल्याने हेच अंतर निम्म्याहून कमी वेळात तोडू शकत असे. अंतर दोघांसाठी सारखे नव्हते, हीच या लढाईतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

या प्रदेशावर गोंड राजांनी शतकानुशतके राज्य केले. १७५१ मध्ये शेवटचे राजे नीलकंठशाह यांच्याकडून चांदा नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. किल्ला गेला, राजवाडा गेला. पण वैनगंगेच्या पूर्वेकडच्या जमीनदाऱ्या मात्र बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. भोसल्यांचे राज्यही तिथे दुरूनच चाले. वर्षाकाठी थोडीशी टाकोळी पोहोचली की अहेरी, घोट, अडपल्ली, मोलमपल्ली या जमीनदारांच्या कारभारात नागपूर सहसा लक्ष घालीत नसे. त्यात उदारपणा नव्हता. दहा रुपये वसूल करायला शंभर रुपयांची फौज पाठवणे परवडत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. जंगल, मोह, डिंक, लाख, शिकार आणि आपसांतले तंटे हे सारे जिथल्या तिथे मिटे.

या मोलमपल्लीच्या जमीनदारीत, अहेरीजवळच्या किष्टापूर येथे १२ मार्च १८३३ रोजी बाबूरावांचा जन्म झाला. वडील पुल्लेसूर बापू, आई जुर्जाकुंवर. थोरला मुलगा म्हणून जमीनदारीचा वारसा त्यांच्याकडे येणार हे ठरलेलेच होते. गोटुलात धनुष्यबाण, भाला, तलवार, गाणे-नाचणे आणि रानाची ओळख असे त्या समाजाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी त्यांना रायपूरला पाठवले गेले, असे त्यांच्या चरित्रांत येते. किष्टापूर ते रायपूर हे सरळ रेषेतच अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर. मधे दंडकारण्याचा दाट पट्टा. ज्या काळात शेजारच्या परगण्यात जाणे हाही प्रवास मानला जाई, त्या काळी एका रानातल्या मुलाने तेथवर जावे, इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी कारभार जवळून पाहावा आणि परत यावे, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पुढच्या काळात ज्यांच्याशी त्यांची गाठ पडली, त्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी क्वचितच कोणी उलट दिशेने एवढा प्रवास करून गोंडी शिकला असेल. परतल्यावर त्यांचा विवाह निजामाच्या राज्यातील चेन्नूरकडच्या मडावी घराण्यातील राजकुंवर यांच्याशी झाला. प्राणहितेच्या एका तीरावर नागपूरचे राज्य आणि दुसऱ्या तीरावर निजामाचे. पण सोयरीक मात्र नदी ओलांडून होत असे. सरहद्दी कचेरीतल्या कागदांवर होत्या, गोंडांच्या नात्यागोत्यांत नव्हत्या.

बाबूराव वीस वर्षांचे असताना, ११ डिसेंबर १८५३ रोजी, नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि मार्च १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आर. एस. एलिस हा चांद्याचा पहिला डेप्युटी कमिशनर म्हणून आला. वरवर पाहता चांद्याच्या रानासाठी एवढेच घडले होते की, आजवर नागपुरात असलेला राजा आता कलकत्त्यात गेला आणि कलकत्त्याचा धनी त्याहूनही दूर लंडनमध्ये. राजा दूर गेला म्हणजे जाच कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात उलटे झाले. भोसल्यांनी अंतर मान्य केले होते. कंपनीला ते मान्य नव्हते. जमिनीची मोजणी, जमीनदारांच्या हक्कांची तपासणी, वसुलीचे नवे नियम, कचेऱ्या आणि त्यांच्या पाठोपाठ येणारे सावकार व व्यापारी यांच्या रूपाने दूरचे सरकार प्रथमच रानाच्या उंबरठ्यावर आले. आपल्या रानात आपणच परवानगी मागायची, ही कल्पना गोंडांना नवी होती. धर्मांतराविषयीची भीतीही त्यात मिसळली होती. बाबूरावांच्या बंडाचे मूळ कारतुसांच्या वादात शोधून सापडणार नाही. ते या उंबरठ्यावर सापडते.

दरम्यान सरकारने अंतर कापण्याचे एक नवे साधन हाती घेतले होते. मार्च १८५४ मध्ये आग्ऱ्याहून कलकत्त्याला विजेच्या तारेने पहिला संदेश गेला. १ फेब्रुवारी १८५५ पासून ही सोय पैसे भरून कोणालाही खुली झाली. मुख्य तारमार्ग आग्ऱ्याहून इंदूरमार्गे मुंबईला आणि मुंबईहून बंगळूरमार्गे मद्रासला गेले होते. नकाशावर या तारा जोडून पाहिल्या की मधोमध एक मोठा रिकामा भाग दिसतो. चांदा जिल्हा त्या रिकाम्या भागात होता. आगगाडीचे तर नावच नको; ती नागपुरात पोहोचली १८६७ मध्ये.

१० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली बंडवाल्यांच्या हाती गेली. दिल्लीहून अंबाल्याला तारेने गेलेल्या बातमीने पंजाब सावध झाला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांना ठाऊक आहे. लंडनला मात्र हीच बातमी जूनच्या अखेरीस पोहोचली. मेरठ ते लंडन सुमारे दीड महिना! बंडवाल्यांनी उत्तरेतल्या तारा तोडल्या तेव्हा सरकारला आणखी एक उणीव जाणवली. कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारा तारेचा रस्ता आग्ऱ्यावरून होता आणि तो तुटताच देशाची दोन टोके एकमेकांना मुकी झाली. मग दुसरे तारमार्ग उभारण्याची घाई सुरू झाली. या घाईचा आणि किष्टापूरच्या तरुण जमीनदाराचा संबंध वर्षभरानेच यायचा होता.

नागपुरात जून १८५७ मध्ये घोडदळातील शिपायांचा उठावाचा बेत फुटला आणि सूत्रधारांना फाशी देण्यात आले. भोसल्यांच्या घरातील वृद्ध बांकाबाईंनी इंग्रजांना विरोध न करण्याचा पवित्रा घेतल्याने राजधानी शांत राहिली. त्यामुळे नागपूर विभागात आता काही घडणार नाही, अशी अधिकाऱ्यांची समजूत झाली असल्यास नवल नाही. पण २४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबूरावांनी जंगोम दलाची स्थापना केली. सुमारे पाचशे आदिवासी तरुण त्यात सामील झाले. त्यांना शस्त्रांचे शिक्षण देण्यात आले.

या तारखेपाशी थोडे थांबायला हवे. २० सप्टेंबरला इंग्रजांनी दिल्ली पूर्णपणे परत जिंकली होती. म्हणजे जंगोम दल उभे राहिले त्याच्या चार दिवस आधीच दिल्लीचा डाव आटोपला होता. ही बातमी चार दिवसांत हजार किलोमीटर तोडून, तार नसलेल्या मुलखातून अहेरीच्या रानात पोहोचणे शक्यच नव्हते. दिल्ली पडल्याचे कळले असते तर बाबूराव थांबले असते, असे मात्र समजण्याचे कारण नाही. त्यांचे भांडण दिल्लीच्या तख्तासाठी नव्हते. तरीही पुढच्या साऱ्या घटनांकडे या प्रकाशात पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते. उत्तरेतले बंड विझत असताना चांद्यातले पेटत होते. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले, एप्रिलच्या सुरुवातीला झाशी पडली, आणि नेमके हेच दोन महिने बाबूरावांच्या विजयाचे होते.

७ मार्च १८५८ रोजी बाबूरावांनी इंग्रजांच्या अमलाखालील राजगड परगण्यावर हल्ला केला. तिथला जमीनदार रामजी गट्टा मारला गेला आणि परगणा बाबूरावांच्या ताब्यात आला. चांद्याला तेव्हा कॅप्टन डब्ल्यू. एच. क्रिक्टन हा डेप्युटी कमिशनर होता. त्याने फौज पाठवली आणि १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली. दोन्ही घटनांमध्ये सहा दिवसांचे अंतर आहे. राजगड काही जिल्ह्याच्या दूरच्या टोकाला नव्हते. ते वैनगंगेच्या अलीकडचे, चांद्याच्या बाजूचेच. एवढ्या जवळच्या ठिकाणीही बातमी यायची, माणसे जमवायची, बैलगाड्या जुंपायच्या आणि चालत जायचे यात सहा दिवस गेले. तोवर बाबूरावांनी जागा निवडून ठेवली होती. लढाईत सरकारी फौजेची मोठी हानी झाली आणि तिला मागे फिरावे लागले.

या विजयाने घोट आणि अडपल्लीचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर राजगोंड त्यांना येऊन मिळाले. गोंड आणि रोहिले मिळून दलाची संख्या हजार-बाराशेवर गेली. पुढची झुंज गढीसुर्ल्याच्या टेकडीवर झाली. रात्रीच्या अंधारात येऊन इंग्रजांनी टेकडीला वेढा घातला, तेव्हा वरून लोटलेल्या धोंड्यांनी त्यांचे स्वागत झाले, अशी हकीकत आहे. बंदुकीचा पल्ला किती आणि उतारावरून सुटलेल्या धोंड्याचा किती, याचा हिशेब सैन्याच्या पुस्तकात नसतो. त्यानंतर एप्रिलमध्ये सगनापूर आणि बामनपेठ येथे लढाया झाल्या आणि सरकारी तुकड्यांना पुन्हा अपयश आले. हळूहळू युद्धाचे केंद्र घोट-अहेरीच्या दाट रानाकडे सरकत गेले. प्रत्येक पावलागणिक क्रिक्टनची माणसे चांद्यापासून दूर जात होती आणि बाबूराव स्वतःच्या घराच्या जवळ येत होते. उन्हाळा चढत होता. रानातले पाणवठे आटत चालले होते आणि शिल्लक पाणी कुठे आहे हे गोंडांनाच ठाऊक होते.

मग २९ एप्रिल १८५८ ची रात्र आली. अहेरी जमीनदारीत, प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या माणसांचा तळ पडला होता. नकाशावरचा तो रिकामा भाग भरून काढण्यासाठी सरकारचा हात आता येथवर पोहोचला होता. बाबूराव आणि व्यंकटराव यांच्या माणसांनी या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे युरोपीय कर्मचारी मारले गेले. त्यांचा सहकारी पीटर बचावला आणि त्याने क्रिक्टनकडे जाऊन झाला प्रकार सांगितला.

या हल्ल्याचा अर्थ दोन बाजूंनी लावता येतो. एका बाजूने पाहता मारले गेलेले लोक सैनिक नव्हते. तारांची भेंडोळी आणि खांब घेऊन परमुलखात आलेली ती पगारी माणसे होती. दुसऱ्या बाजूने पाहता, या साऱ्या युद्धात बाबूरावांच्या दलाने जिथे जिथे प्रहार केला, त्यांपैकी सर्वांत अचूक जागा हीच होती. चांद्यातली कचेरी, कामठीची छावणी, कलकत्त्याचा दरबार हे सारे त्यांना अजिंक्य वाटत नव्हते, कारण ते सारे दूर होते. तार मात्र हे दूरपणच संपवणार होती. सहा दिवसांनी येणारी फौज सहा दिवसांनीच येईल. पण तिला हाक मारायला सहा दिवस लागणार नाहीत. रायपूरला इंग्रजी कारभार पाहून आलेल्या माणसाला या तारेचे मोल कळले नसेल असे म्हणणे कठीण आहे. त्यांच्या मनात नेमके काय होते याची नोंद कोणी केली नाही. कागद लिहिणारे सगळे दुसऱ्या बाजूला होते.

चिंचगुंडीने सारे चित्र पालटले. दोन गोऱ्यांच्या हत्येची बातमी चांद्यापुरती राहणारी नव्हती. नागपूरहून कॅप्टन शेक्सपिअर याला बाबूरावांच्या पाठलागावर नेमण्यात आले. १० मे रोजी घोटजवळ झालेली लढाईही निर्णायक ठरली नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला असता तर वैनगंगा आणि प्राणहिता यांनी पुढचे चार महिने बाबूरावांची राखण केली असती. फौजेच्या बळावर हे अंतर कापता येणार नाही, हे क्रिक्टनच्या ध्यानात आले, आणि त्याने या युद्धातली सर्वांत हुशार चाल केली. ज्याला हे अंतर कापावेच लागत नव्हते, अशा माणसाकडे तो वळला.

अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई ही त्या परिसरातली सर्वांत मोठी जमीनदार, आणि तीही राजगोंडच. चिंचगुंडी तिच्या हद्दीत होती. सरकारने तिच्याकडे बाबूरावांना पकडून देण्याची मागणी केली. आजच्या वक्त्यांच्या भाषणांत लक्ष्मीबाईचे नाव फितूर म्हणून येते आणि फितुरीचा हा शिक्का पुसता येण्याजोगा नाही. परंतु तिच्या बाजूने परिस्थिती पाहिल्याखेरीज घडलेले नीट समजत नाही. दोन इंग्रज तिच्या मुलखात मारले गेले होते. नागपूरचे अख्खे राज्य एका कागदाने बुडालेले तिने चारच वर्षांपूर्वी पाहिले होते. बाबूरावांची मोलमपल्ली हाताच्या अंतरावर होती आणि त्या तरुणाचा वाढता दबदबा अहेरीला सोयीचा नव्हता. भय, लोभ आणि शेजारपण या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढत होत्या. तिच्या माणसांना पायवाटा ठाऊक होत्या, उतार ठाऊक होते, कोणत्या गावात कोणाचे सोयरे आहेत हे ठाऊक होते. जे क्रिक्टनच्या फौजेला सहा महिन्यांत साधले नसते, ते या माहितीने दोन महिन्यांत साधले.

बाबूराव दक्षिणेकडे, इंद्रावतीपलीकडे सरकले होते. भोपालपट्टणम हे बस्तरच्या बाजूचे ठिकाण घोटपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून दूर. जुलै १८५८ मध्ये लक्ष्मीबाईच्या रोहिल्यांनी त्यांना तिथे गाठून पकडले. पण बाबूराव त्यांच्या ताब्यातून निसटले आणि पुन्हा रानात दिसेनासे झाले. भर पावसाळ्यात, फुगलेल्या नद्यांच्या मुलखात, घरच्या लोकांपासून दूर असा दोन महिन्यांचा हा काळ त्यांनी कसा काढला याची हकीकत कुठल्याच कागदात मिळत नाही. चरित्रातला हा भाग गोंडी गाण्यांनी आणि गोष्टींनी भरून काढला आहे. त्यात बाबूरावांच्या अंगी दैवी शक्ती आहे, त्यांना शस्त्र लागत नाही. इतिहासाने तिकडे काणाडोळा करावा, पण हसू नये. इतक्या मोठ्या सरकारला जो माणूस दोन महिने सापडत नाही, त्याच्याविषयी लोक दुसरे काय बोलणार?

१८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईच्या माणसांनी त्यांना पुन्हा पकडले. या वेळी सुटका झाली नाही. त्यांना क्रिक्टनच्या हवाली करून चांद्याला नेण्यात आले. जी वाट फौजेला जिंकता आली नव्हती, त्याच वाटेने बाबूराव बंदिवान म्हणून चालले. वैनगंगा ओलांडली, गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या दरवाजातून ते आत आले. शंभर वर्षांपूर्वी याच तटाआड त्यांच्या जातभाईंचे राज्य होते. सरकारविरुद्ध बंड आणि तारखात्याच्या माणसांची हत्या या आरोपांवरून खटला चालला, शिक्षा ठरली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात पिंपळाच्या झाडावर त्यांना फाशी देण्यात आले. पकडल्यापासून फासापर्यंत तेहतीस दिवस. वय पंचवीस वर्षे आणि सात महिने. फाशीचा दोर तुटल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत काय काय घडले ते पाहिले म्हणजे अंतर आणि वेळ यांचा खेळ किती क्रूर असतो ते कळते. ऑक्टोबरच्या अखेरीस तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडली आणि ते दक्षिणेत उतरले. मुलताईपर्यंत ते आले. मुलताई ते चांदा हे अंतर सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या जवळपास. भोसल्यांच्या मुलखात नवे बंड उभे करण्याची त्यांची आशा होती. पण ज्या जिल्ह्यात ते खरोखर उभे राहिले होते, तिथला नेता नुकताच फासावर गेला होता. या दोघांमध्ये संधान असल्याचा कोणताही पुरावा नाही. एकमेकांचे नाव तरी त्यांच्या कानावर गेले होते की नाही, कोण जाणे.

दुसरी घटना १ नोव्हेंबरची. त्या दिवशी अलाहाबादला राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य संपले आणि शस्त्रे खाली ठेवणाऱ्या बंडवाल्यांना माफी जाहीर झाली. बाबूरावांच्या फाशीला तेव्हा अवघे अकरा दिवस झाले होते. लंडनचा कागद थोडा आधी निघाला असता तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो खरा नाही. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष सहभाग सिद्ध झाला होता, त्यांना या माफीतून वगळण्यात आले होते. चिंचगुंडीचा तळ त्यांच्या आणि माफीच्या मध्ये उभा राहिलाच असता.

बक्षिसाचे वाटप यथावकाश झाले. बाबूरावांच्या जमीनदारीतली २४ गावे आणि व्यंकटरावांची ६७ गावे लक्ष्मीबाईकडे गेली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले होते. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून दिले आणि जन्मठेपेची शिक्षा होऊन तेही या रानातून कायमचे गेले. त्याच सुमारास निजामाकडून मिळालेला गोदावरीकाठचा भाग धरून सिरोंचा येथे वेगळ्या जिल्ह्याचे ठाणे बसवण्यात आले. ज्या टोकापर्यंत पोहोचायला सरकार धापा टाकत होते, त्या टोकावरच आता त्याची कचेरी उघडली.

अंतर कापण्याचे प्रयत्न पुढेही चालू राहिले आणि सगळेच काही सफल झाले नाहीत. सर आर्थर कॉटन यांनी गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून वऱ्हाडचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला नेण्याचे स्वप्न पाहिले होते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांतला तिसरा अहेरीजवळ, प्राणहितेवरील देवलमरी येथे. वर्षानुवर्षे पैसा ओतून १८७१ च्या सुमारास हे काम सोडून देण्यात आले. इंग्रजांना हैराण करणाऱ्यांच्या यादीत बाबूरावांच्या पाठोपाठ या खडकांचे नाव घालायला हरकत नाही. तारेचे काम मात्र थांबले नाही. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली आणि १८५७ साली दीड महिना घेणारी बातमी काही तासांत पोहोचू लागली. बल्लारशा ते काझीपेठ हा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली–मद्रास गाड्या चांद्यावरून धावू लागल्या. वैनगंगेच्या पूर्वेकडचा मुलूख या सगळ्या रस्त्यांच्या बाहेरच राहिला. स्वातंत्र्यानंतरही भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांतील कितीतरी गावे पावसाळ्यात महिनोन् महिने जगापासून तुटलेली असत. १८५८ मध्ये जे अंतर बंडखोरांची ढाल होते, तेच पुढच्या पिढ्यांना दवाखान्यापासून आणि शाळेपासून दूर ठेवणारे ठरले. हे सांगितल्याशिवाय बाबूरावांच्या या प्रदेशाचे वर्णन पुरे होणार नाही.

भारतीय डाक विभागाने १२ मार्च २००९ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, बाबूराव शेडमाके यांचे टपाल तिकीट काढले. ज्यांनी सरकारच्या निरोपाची तार अडवली, त्यांचे चित्र लावलेली पत्रे सरकारी टपालाने देशभर फिरली. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळापाशी त्यांना अभिवादन केले जाते आणि त्यासाठी वैनगंगेपलीकडूनही माणसे येतात. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले. जिल्ह्याचे ठिकाण फार दूर पडते, ही पूर्वेकडच्या लोकांची जुनी तक्रार होती. तिची दखल घेऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा करण्यात आला. तेव्हापासून बाबूरावांचे किष्टापूर एका जिल्ह्यात आहे आणि त्यांचा पिंपळ दुसऱ्या.